बटाट्याच्या बर्गरची बाजू

माझे एक ज्येष्ठ सहकारी एल रिनोचे आहेत. ओक्लाहोमा सिटीच्या पश्चिमेला, जुन्या रूट ६६ वर वसलेले हे गाव कांद्याच्या बर्गरसाठी ओळखले जाते. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी तेथे त्या बर्गरचा उत्सव भरतो आणि त्या दिवशी साडेआठशे पौंडांच्या आसपास वजनाचा एकच अवाढव्य बर्गर भाजून जमलेल्या लोकांना वाटतात. परवा जेवणाच्या सुट्टीत या गृहस्थांनी लहानपणी ज्या टपरीवर ते खात असत, आणि जी आता पाडली गेली आहे, तिच्याविषयी इतके मन लावून सांगितले की त्यांचा डबा तसाच राहिला. त्या भरात मीही सांगून टाकले की अमरावती जिल्ह्यातील आमच्या दर्यापूरलाही एसटी स्टँडाजवळ बर्गरची एक गाडी होती आणि मला तिची आठवण येते. त्यांनी आस्थेने विचारले, कोणत्या मांसाचा? मी म्हटले, बटाट्याचा. त्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी सहानुभूती उमटली ती दुष्काळाची हकिकत ऐकल्यावर शोभली असती. हा लेख त्या सहानुभूतीला उत्तर म्हणून लिहीत आहे. त्यांना मराठी वाचता येत नाही, ही त्यातली सोय.

त्यांच्या बर्गरचा इतिहास त्यांनीच मला सांगितला आहे. एल रिनो हे रॉक आयलंड रेल्वेचे मोठे ठाणे होते. १९२२ चा रेल्वे कारागिरांचा संप आणि पुढे आलेली मंदी यांमुळे मांस परवडेना, म्हणून तेथील बर्गरवाल्यांनी मांसाचा लहानसा गोळा तव्यावर टाकून त्यावर पातळ चिरलेल्या कांद्याचा ढीग रचायला आणि सराट्याने तो दाबून मांसात बसवायला सुरुवात केली. कांदा स्वस्त होता आणि बर्गर मोठा दिसत असे. आज तीच काटकसर त्या गावाचे भूषण ठरली आहे. १९८० मध्ये रॉक आयलंड रेल्वे बंद पडली, कांद्याचा बर्गर मात्र टिकला. हे ऐकताना मला आमची शकुंतला आठवली नसती तरच नवल. मूर्तिजापूरहून बनोसा या दर्यापूरच्या स्थानकावरून अचलपूरला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी, आणि १९२३ पासून १९९४ पर्यंत तिला ओढणारे मँचेस्टरला घडलेले वाफेचे इंजिन, हे सारे वऱ्हाडच्या कापसासाठीच उभे राहिले होते. एल रिनोत जुन्या रेल्वे स्थानकाचे संग्रहालय झाले आहे. बनोश्याला काय झाले, ते दर्यापूरकरांना मी सांगायला नको.

माझा प्रश्न एवढाच आहे की टंचाईतून मांसात कांदा गेला तर तो वारसा होतो, आणि टंचाईतून मांसाच्या जागी बटाटा आला तर ती कीव करण्याजोगी गोष्ट कशी होते? शिवाय मुळाचाच विचार करायचा तर गुरे अमेरिकेच्या भूमीवर नव्हतीच. ती कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत जहाजातून आणली. गहूही समुद्रापलीकडचाच. याउलट बटाटा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा, मिरची आणि टमाटर याच खंडांचे, आणि पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या मार्गाने ते आपल्याकडे पोहोचलेले. म्हणजे दर्यापूरच्या गाडीवरील बर्गरमध्ये अमेरिकेचे जेवढे होते तेवढे ओक्लाहोमाच्या बर्गरमध्ये नाही. हा युक्तिवाद मला सुट्टी संपल्यानंतर सुचला, त्यामुळे तो येथेच मांडणे भाग आहे.

आता त्या गाडीविषयी. ती दुपारी चारच्या पुढे लागत असे, म्हणजे महाविद्यालय सुटण्याची आणि खेड्यांकडे जाणाऱ्या एसटी गाड्यांची वेळ साधून. गाडीवाले काका उकडलेले आलू हाताने जाडसर फोडत, त्यात हिरवी मिरची आणि लसूण यांचा ठेचा, हळद आणि मूठभर सांभार, म्हणजे कोथिंबीर, घालत, आणि त्या सारणाची चपटी टिक्की बेसनात बुडवून कढईत सोडत. आमच्याकडच्या आलुबोंड्याशी तिचे नाते उघड होते आणि कोणी ते लपवतही नव्हते. तेल कोणते, हे विचारण्याची पद्धत नव्हती. कापसाच्या मुलखात ते सरकीचे असण्याचीच शक्यता अधिक. तळलेली टिक्की मग तव्यावर घेऊन सराट्याने एकदा दाबली जाई, त्यामुळे तिच्या कडा कुरकुरीत होत आणि मध्यभागी सारण मऊ राहत असे. बाजूलाच दोन भागांत कापलेला बन वनस्पती तुपावर लाल होत असे. त्यावर बारीक चिरलेली पत्ताकोबी, कांदा, चिमूटभर चाट मसाला आणि टमाटरापेक्षा कोहळाच अधिक असलेला तो लाल सॉस. येथपर्यंतचा बर्गर कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळाला असता.

दर्यापूरचे वेगळेपण यापुढे सुरू होई. शेजारच्या पातेल्यात, जे सकाळी पोह्यांसाठी आणि संध्याकाळी बर्गरसाठी चुलीवर चढत असे, हरभऱ्याची तर्री उकळत असे, आणि काका वरचा बन ठेवण्यापूर्वी पळीभर तर्री टिक्कीवर ओतत, शिवाय द्रोणात वेगळी देत. बर्गर हातात धरून खाण्याचा पदार्थ आहे, हे आम्हाला ठाऊक होते, परंतु तर्रीने भिजलेला बन हातात धरता येत नाही, म्हणून आम्ही तो वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवून मोडून खात असू. नाकाडोळ्यांतून पाणी येत असे आणि तरीही द्रोण पुढे केला जाई. काकांचे उत्तर ठरलेले होते: “घे नं बाप्पा, तर्रीले कोन मोजते?”

आमच्या घरी असा बर्गर मिळणे हे कापसावर अवलंबून होते. कापूस विकला, चुकारा हाती आला, दुकानदाराची उधारी फिटली आणि त्यानंतर काही उरले, तर बाबा दर्यापूरला आम्हा भावंडांना गाडीवर उभे करत, आणि स्वतः मात्र ‘मला हे पचत नाही’ असे सांगून चहा घेत. पुढे महाविद्यालयात गेल्यावर मित्रांबरोबर वर्गणी काढून खाल्लेले बर्गर संख्येने अधिक असतील, पण त्यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही.

तर्री कोणी मोजत नाही, या संस्कारात वाढलेल्या माणसाला येथे जो त्रास होतो तो सविस्तर सांगितलाच पाहिजे. ओक्लाहोमा सिटीतील एका बर्गरच्या दुकानात, ज्याचे नाव मी घेणार नाही, मी थोडा जास्त सॉस मागितला, तेव्हा काउंटरवरील मुलीने हसतमुखाने त्याचे वेगळे पैसे पावतीत चढवले. सॉसची वाटी अंगठ्याएवढी होती. मिरच्यांचे पैसे वेगळे, परतलेल्या कांद्याचे वेगळे, आणि शेवटी पडदा माझ्याकडे वळवून टिप किती देणार, अठरा टक्के, वीस की पंचवीस, असा प्रश्न. तोही बर्गरचा एक घास पोटात जाण्यापूर्वी, मागे रांग उभी असताना. रक्कम फार नव्हती. ती मला परवडते, आणि दर्यापूरला बर्गरचे पैसे मोजताना परवडण्याचा प्रश्न खरा होता, हेही मला कळते. तरी जास्त मागणे हा आमच्याकडे खाणाऱ्याने बनवणाऱ्याला दिलेला मान होता, आणि येथे तो पावतीवरील एक रकाना झाला आहे. टिपेची व्यवस्था का आहे, हेही आता मी जाणतो: टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यावयाचे किमान वेतन केंद्रीय कायद्यात १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंटवर थांबलेले आहे आणि उरलेला भार गिऱ्हाइकाच्या सद्भावनेवर टाकलेला आहे. म्हणून मी टिप देतो, आणि चांगली देतो. सॉसचे पैसे मात्र आजही मनाला लागतात.

न्यायाने हेही नोंदवतो की येथे बनवणाऱ्याच्या हातात मोजे असतात, दर ठळक लिहिलेले असतात आणि गर्दीत पुढे घुसणारा कोणी नसतो. आमच्या गाडीवर उष्टी भांडी ज्या बादलीत विसळली जात, तिच्यातील पाणी कधी बदलत असे, याचा शोध घेण्याची माझी आजही इच्छा नाही. पण त्या बर्गरने मी कधी आजारी पडलो नाही, आणि माझ्या दृष्टीने हा पुरावा पुरेसा आहे.

गोमांस मी खात नाही. एल रिनोला सहकाऱ्यांबरोबर गेलो की भाजलेल्या पावात चीज आणि भरपूर कांदा मागतो, आणि तो कांदा उत्तम असतो: कडेने काळसर, आत गोड. तवा तोच असतो आणि सराटाही तोच. ही गोष्ट मी आईला सांगितलेली नाही. परक्या मुलखात माणसांत मिसळायचे तर तव्याची चौकशी किती करावी, याला मर्यादा असते, असे माझे मत आहे, आणि ज्यांना ते पटत नाही त्यांनी येथील हिवाळा एकट्याने काढून पाहावा.

गावाकडच्या काही मंडळींचा आक्षेप वेगळा आहे. परदेशात राहून आठवण काढायची तर ज्वारीच्या भाकरीची काढावी, पाटोडीच्या रश्श्याची काढावी; बर्गरची कसली आठवण, असे एका मित्राने कळवले. त्याला भाकरीची आठवण हवी असेल तर ती माझ्याकडे आहेच, पण भाकर येथे मी स्वतः थापतो, आणि जे हाताने करता येते त्याचा विरह टिकत नाही. शिवाय तो बर्गर परका कधीच नव्हता. १९९६ मध्ये मॅकडोनल्ड्सने दिल्लीत गोमांसाविना पहिले दुकान काढले, ही मोठी बातमी होती. आमच्या गाडीला त्याचे ना कौतुक होते ना भीती, कारण ज्या गिऱ्हाइकाला तर्री लागते ते तिकडे जाणार नव्हते. आता दर्यापूरलाही मेयोनीज आले आहे, असे पुतण्याने सांगितले. ती गाडीही आता लागत नाही.

घरी मी हा बर्गर अनेकदा करून पाहिला आहे. सांभार मेक्सिकन दुकानात ताजा आणि स्वस्त मिळतो, सेरानो मिरची आपल्या मिरचीच्या जवळ जाते, बेसनाची अडचण नाही. येथील रसेट बटाटा फार पिठूळ असतो, म्हणून मी लाल सालीचा घेतो. बन गोड असतो, पण तव्यावर जास्त भाजला तर चालून जातो. अडते ते तर्रीशी. खोबरे भाजून पाहिले, तीळ घातले, जवस घातले; रंग आला, तवंग आला, ती चव आली नाही.

माझ्या थोरल्या भावाचे यावर एक मत आहे. खारपाणपट्ट्यातील बोअरचे खारट पाणी त्या तर्रीत असे आणि चव त्याचीच होती. शहानूर धरणाचे पाणी नळाला आल्यावर ती गेली, आणि मी ओक्लाहोमात कितीही जवस भाजले तरी ती येणार नाही, असे तो ठामपणे सांगतो. मला हे मान्य नाही, कारण नळाचे पाणी आल्यानंतरही मी त्या गाडीवर खाल्ले आहे. पुढील खेपेस एकाच वाटणाच्या दोन तर्री, एक त्याच्या बोअरच्या पाण्याची आणि एक नळाच्या पाण्याची, करून पाहायच्या असे आमचे ठरले आहे. परीक्षक म्हणून वहिनींना नेमले आहे. त्या अमरावतीच्या असून गिल्या वड्यापुढे त्यांना दर्यापूरचे काहीच मान्य नसल्यामुळे दोन्ही पक्षांना त्यांच्याविषयी सारखाच अविश्वास आहे.