दिवेलागण पावणेतीनला

१३ डिसेंबर, स्टॉकहोम

आज सूर्य पावणेतीनला मावळला. इथे राहायला येऊन बारा वर्षं झाली, तरी दुपारच्या चहाआधी अंधार पडतो हे अजून अंगवळणी पडलेलं नाही.

सकाळी लेकीच्या शाळेत संत लुसियाचा, म्हणजे इथला दिव्यांचा सण होता. आठ वाजता बाहेर मिट्ट काळोख. पांढरे पायघोळ झगे घातलेली मुलं हातात दिवे घेऊन ओळीने आली, पुढच्या मुलीच्या डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट. गाणी झाल्यावर केशर घातलेले पिवळे पाव खाल्ले. मी व्हिडिओ आईला मिरजेला पाठवला. तिचा लगेच फोन. "डोक्यावरचे ते दिवे मालवतात कसे गं? फुंकर मारत नाहीत ना?" बॅटरीचे आहेत म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. दिव्याला फुंकर मारायची नाही आणि 'विझव' असं म्हणायचं नाही, हे आमच्या घरात फार कडक होतं. दिव्याला निरोप द्यायचा, नाहीतर त्याला शांत करायचं.

मग दिवसभर ऑफिसात तेच डोक्यात राहिलं.

मिरजेला दिवेलागणीची वेळ कधी घड्याळात बघावी लागली नाही. हिवाळ्यात सहा, उन्हाळ्यात सात, फार तर सात-दहा. आई देवापाशी निरांजन लावायची, मग तुळशीपाशी, आणि सगळ्यात शेवटी बाहेरच्या पायरीवरचा बल्ब. हात-पाय धुऊन आम्ही भावंडं शुभंकरोतीला बसायचो. त्यानंतर परवचा : वार, तिथी, मराठी महिने, नक्षत्रं, तीसपर्यंत पाढे आणि वर पावकी-निमकी. त्या वेळात केर काढायचा नाही, आडवं व्हायचं नाही, शेजारी कुणाला मीठ द्यायचं नाही. पलीकडच्या गल्लीत तंबोरे बनवणाऱ्यांची घरं होती. कुणीतरी तार लावून बघत असायचं, आणि त्या सुरात माझा एकोणतीसचा पाढा हमखास चुकायचा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत गार्ड होते. मिरज जंक्शनात तेव्हा तिन्ही मापांचे रूळ होते. पुण्या-कोल्हापूरकडे ब्रॉडगेज, बेळगाव-लोंढ्याकडे मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे नॅरोगेज. कोण कुठून किती वाजता येईल याचा तिथे काही नेम नसे. अण्णा कधी रात्री अकराला यायचे, कधी पहाटे चारला. विजेच्या बाबतीत ते फार काटेकोर. माणूस नसलेल्या खोलीत दिवा दिसला की पहिले उठून बंद करणार. पण पायरीवरचा तो चाळीसचा बल्ब त्यांनीही कधी बंद केला नाही. घरातलं शेवटचं माणूस आत आलं, त्याने पायावर पाणी घेतलं, मगच तो बल्ब बंद व्हायचा. उशीर का झाला हे दारात विचारायचं नाही. आधी पाणी, मग जेवण, बोलायचं ते त्यानंतर. हा नियम आम्हाला कुणी समजावून सांगितला नव्हता. कॉलेजात असताना एकदा सांगलीहून शेवटची एस्टी चुकली आणि मी रात्री साडेबाराला घरी पोचले. अण्णा पायरीवर बसून होते. "हात-पाय धू, आमटी गरम करतीय आई," एवढंच म्हणाले. पुढे मी परत कधी उशीर केला नाही.

२०१६ साली अण्णा गेले. मला कळलं तेव्हा इथे मध्यरात्र होती. मिळेल त्या विमानाने मुंबई, तिथून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस. मी मिरजेला उतरले तेव्हा सगळं आवरलं होतं. चांगलं उजाडलं होतं, दूधवाला येऊन गेला होता. पायरीवरचा बल्ब चालू होता. मी न्हाणीत पायावर पाणी घेतलं. आई मागून आली, बाहेर गेली, बटण बंद केलं आणि येऊन माझ्याजवळ बसली. दोन रात्री तो बल्ब माझ्यासाठी चालू ठेवला होता. मी तेव्हा पहिल्यांदा रडले.

इथे दिवेलागण कधी धरायची, हे मला पहिली काही वर्षं कळतच नव्हतं. जूनमध्ये सूर्य रात्री दहा वाजून गेल्यावर मावळतो, तोवर लेक झोपलेली असते. म्हणून मी घड्याळाचे सात धरले आणि भर उन्हात निरांजन लावायला लागले. ते मनाला कधी पटलं नाही. यंदा एक गोष्ट ध्यानात आली. जूनमध्ये आईची संध्याकाळ माझ्या पावणेचारला होते, आणि माझी होते तेव्हा तिच्याकडे पावणेदोनची रात्र असते. साडेसहा तासांचं अंतर. आता डिसेंबरात तिच्याकडे सहाला दिवा लागतो तेव्हा इथे दीड वाजलेला असतो, आणि सव्वा तासात इथेही अंधार. ज्या अंधाराला सगळे कंटाळतात, त्यातच आमच्या दोघींच्या संध्याकाळी एकमेकींच्या एवढ्या जवळ येतात. हा हिशेब मी मेट्रोत बसून दोनदा करून बघितला.

मराठीचं मात्र अवघडच. इथे मुलांना शाळेमार्फत मातृभाषा शिकता येते, पण नगरपालिकेत निदान पाच मुलं हवीत आणि शिक्षकही मिळायला हवा. पाच मुलं जमवायलाच आम्हाला दोन वर्षं लागली. आता आठवड्याला एक तास असतो. लेक वाचते अडखळत, बोलते मात्र आजीसारखं, "करालीस काय, जेवलीस काय" असं. ते ऐकून मला फार बरं वाटतं.

आज मला निघायला उशीर झाला. नवव्या वर्षी इथली मुलं शाळेतून एकटी घरी येतात. आमची आज पहिल्यांदाच आली. मी पावणेपाचला स्टेशनातून वर आले. खाली बर्फ, समोर आमची इमारत. अॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या दिवसांत इथे खिडक्यांतून सात दिव्यांची कमान ठेवतात, तशा सगळ्या खिडक्या लागलेल्या. तिसऱ्या मजल्यावर आमच्या गॅलरीतला दिवाही चालू. आम्ही तो हिवाळ्यात कधी लावत नाही, तिकडे कुणी जातच नाही.

दार उघडलं तर लेक स्वयंपाकघरात, टॅबवर आजी. मिरजेला सव्वानऊ वाजून गेलेले, एरवी या वेळेला आई झोपलेली असते.

"आली काय?" आईने विचारलं.

"आली," लेक म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आई, हात-पाय धू आधी."

मी मोजे काढून न्हाणीघरात गेले. गरम पाणी पायावर घेत बराच वेळ उभी राहिले. बाहेर आले तेव्हा आईने फोन ठेवला होता. मी गॅलरीकडे जायला लागले तशी लेक म्हणाली, "राहू दे. बाबा यायचाय अजून."

त्याची मीटिंग लांबली आहे, आठच्या मेट्रोने येतो म्हणाला. आमटी मंद आचेवर ठेवली आहे.