७०.३ (हाफ आयर्नमॅन ट्रायथलॉन) ची तयारी, अपडेट ४: लाल क्लीटने गुडघा खाल्ला

मंडळी, मागच्या अपडेटमध्ये लिहिलं होतं की पेडलचं काय ते या महिन्यात उरकून टाकतो. उरकलं, फसलो, आता बऱ्यापैकी सावरलोय. सविस्तर लिहितो कारण माझ्यासारखा घोळ आणखी दोघांनी तरी केलाय असं परवा राईडवर कळलं.

तीन वर्षं सायकलला शिमानोची एम५२० पेडल होती. दोन बोल्टवाली एसपीडी, दोन्ही बाजूंनी लागते, क्लीट (बूट पेडलमध्ये अडकवणारा तळाचा तुकडा) बुटाच्या तळात लपलेली, त्यामुळे २०० किमीच्या बीआरएममध्ये (ठराविक वेळेत संपवायची लांब राईड) कंट्रोलला, म्हणजे वाटेतल्या नोंदणीच्या ठिकाणी, उतरलं की टपरीपर्यंत माणसासारखं चालत जाता येतं. सिग्नलला उभ्या उभ्या आडवं व्हायचा कोटाही तिच्यावरच पूर्ण केला. पण गोव्याच्या ७०.३ ला नाव टाकलं (१.९ किमी पोहणं, ९० सायकल, २१.१ पळणं) आणि ग्रुपवर सुरू, अरे त्या एमटीबीच्या (माउंटन बाईकच्या) पेडलवर ९० मारणार का तू?

वजनाचं म्हणाल तर एम५२० ची जोडी ३८० ग्रॅम आणि शिमानोच्याच १०५ मालिकेतली रोड पेडल आर७००० २६५ ग्रॅम, म्हणजे फरक ११५ ग्रॅमचा, दीड कटिंग चहा. त्यासाठी कुणी बदलू नका. माझं खरं दुखणं वेगळं होतं, साठ-सत्तर किलोमीटरनंतर क्लीटच्या बरोबर वर तळपायात आग व्हायची. क्लीट छोटी आणि माझ्या बुटाचा सोल मऊ, सगळा दाब एकाच जागी. तीन बोल्टच्या रोड क्लीटला पाय टेकायला जागा जास्त मिळते, सोलही कडक असतो. हे कारण मला पटलं.

स्पीडप्ले नावाची पेडल पण बघितली, ग्रुपमधल्या एका काकांनी दोन राईड वापरायला दिली. दोन्ही बाजूंनी लागते, फ्लोट (अडकलेला पाय डावी-उजवीकडे किती वळू शकतो ते) १५ अंशांपर्यंत हवा तसा सेट करता येतो, झकास प्रकार आहे, पण नवीन पेडल, नवीन क्लीट असा सगळा हिशोब मांडला आणि गुपचूप परत केली.

शेवटी एका मित्राकडून वापरलेली आर७००० घेतली, सोबत त्याच्या भावाचे माझ्याच मापाचे बूट, क्लीट लावलेले. क्लीट लाल होती. मित्र स्वतः लूक कंपनीची कीओ पेडल वापरणारा, तो म्हणाला, लाल आहे ना, मग फ्लोट भरपूर आहे, बिनधास्त चालव. मीही मान डोलावली.

पहिली राईड कोंढवा, बोपदेव, सासवड, दिवे घाट. बोपदेवच्या चढाला काय मजा आली सांगू, जोर मारला की सायकल पुढेच. परत येताना दिवे घाट उतरून सपाटीला लागलो तर उजवा गुडघा आतल्या बाजूने कुरकुरायला लागला. दुसऱ्या रविवारी तेच, फक्त वीस किलोमीटर आधी. मी सीट दोन मिलिमीटर वर केली, मग खाली केली, बर्फ लावला, बायकोने वयाचा उल्लेख केला.

मग एका रात्री बूट उलटे करून बसलो आणि नीट वाचलं. शिमानोच्या एसपीडी-एसएलमध्ये, म्हणजे तीन बोल्टच्या रोड क्लीटमध्ये, लाल म्हणजे ० अंश फ्लोट, निळी २, पिवळी ६. लूक कीओमध्ये काळी ०, करडी ४.५ आणि लाल ९!! म्हणजे एका कंपनीची लाल सगळ्यात सैल आणि दुसरीची लाल पाय खिळ्याने ठोकल्यासारखी. मित्र त्याच्या जागी बरोबर होता, पेडल चुकीच्या कंपनीचं होतं एवढंच. माझा उजवा पाय चालतानाही थोडा बाहेर फाकतो, त्याला सरळ बांधून दोन घाट चढवल्यावर गुडघा बोलणारच.

पिवळ्या क्लीट आणल्या. जुन्या क्लीटभोवती मार्करने रेघ मारून मगच काढा, नाहीतर मूळ जागा कुठे होती ते शोधत बसाल. मी नवीन तीन मिलिमीटर मागे, टाचेकडे बसवल्या, उजवीचं टोक किंचित आत, म्हणजे टाच आत जाते आणि पायाला बाहेर फाकायला वाव मिळतो. पेडलच्या स्प्रिंगचं टेन्शन दोन्हीकडे सारखं, अगदी कमी. चार राईड झाल्या, गुडघा गप्प आहे, तळपायाची आग पण गेली.

जाता जाता, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे मला माहीत होतं, तरीही एम५२० काढताना पाच मिनिटं उलट्या बाजूला जोर लावून घट्टच करत होतो. बोटाची साल गेली. लावताना आट्यांना ग्रीस लावा रे बाबांनो.

आता बाकी आहे ते टी-१, म्हणजे पोहून आल्यावर सायकलवर चढायचा टप्पा. बूट पेडललाच अडकवून अनवाणी पळत चढायचं म्हणे, बूट उलटे होऊ नयेत म्हणून टाचेची लूप रबरबँडने सायकलला बांधायची, पेडल फिरलं की रबर तुटतं. काल ग्राउंडवर प्रयत्न केला, डाव्या बाजूचं रबर तुटलं, उजव्याचं मी चढायच्या आधीच निसटलं आणि बूट जमिनीवर खरडत गेला, क्लीटचा कोपरा घासला. क्रिकेट खेळणारी पोरं थांबून बघत होती. रविवारी पातळ रबरं घेऊन परत जातोय.

एम५२० विकायला काढलेली नाही, विचारू नका. डिसेंबरच्या बीआरएमला तीच.