खाणीवर राबलेला मेका

मी मेका जोडते आणि रंगवते, म्हणजे आत चालक बसणाऱ्या यंत्रमानवांच्या छोट्या प्रतिकृती. त्यांच्या सुट्या भागांचा संच म्हणजे किट, आणि रेझिनच्या किटवर पहिलं काम साबणाचं. तुकडा साच्यातून सहज सुटावा म्हणून सिलिकॉनच्या साच्याला आतून रिलीज एजंट मारतात आणि त्याचा तेलकट थर प्रत्येक तुकड्यावर राहतो. डोळ्यांना दिसत नाही, पण त्यावर रंग मारला की पुढे पोपडे निघणार हे ठरलेलं. म्हणून सगळे तुकडे कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून भिजवायचे आणि जुन्या टूथब्रशने कोपरान् कोपरा घासायचा. आमच्या गोव्यातल्या, डिचोलीच्या घरी हे काम मागच्या पडवीत चालतं. मोरीला चाळणी लावूनच, कारण १/२० मापाच्या (मूळच्या विसाव्या हिश्श्याएवढ्या) यंत्राची बिजागरी तांदळाच्या दाण्याएवढी असू शकते.

हा किट जपानमधल्या एका हौशी कलाकाराने केलेला. तिकडे यांना गॅरेज किट म्हणतात. मूळ नमुना हाताने घडवायचा, त्यावरून साचा करायचा आणि पॉलियुरेथेन रेझिन ओतून मोजक्या प्रती काढायच्या. साचा थोड्याच ओतकामांत फाटू लागतो, त्यामुळे प्रती कमीच निघतात. चिबा शहरातल्या माकुहारी मेस्से या प्रदर्शन केंद्रात वर्षातून दोनदा अशा किटांचा मेळा, वंडर फेस्टिव्हल, भरतो. तिथे हौशी लोकांना फक्त त्या दिवसापुरता विक्रीचा परवाना मिळण्याची सोय आहे. बांदाई कंपनीने १९८० साली ‘गंडम’ या कार्टून मालिकेतल्या यंत्रांचे प्लास्टिक किट आणले आणि मेका घरोघरी पोहोचले हे खरंच. पण माझं मन १९८२ मध्ये ‘हॉबी जपान’ मासिकात सुरू झालेल्या, योकोयामा को या मॉडेलकाराच्या कामावर जडलं. त्यांनी रणगाड्यांच्या आणि इतर किटांचे सुटे भाग जोडून यंत्रं उभी केली. ती बघताना वाटतं, यात कुणीतरी रोज चढतं, घाम गाळतं आणि संध्याकाळी उतरतं.

माझ्या किटमधलं यंत्र दोन पायांचं, आत एक चालक, उजव्या हातात तोफ. तोफ मी काढली आणि तिच्या जागी खनिज उचलायचा ग्रॅब बसवला. डिचोली-साखळीच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला अवजड यंत्र म्हटलं की आधी खाण आठवते. लाल धुळीने माखलेले ट्रक, आमोण्याची जेटी, मांडवीतून मुरगावला निघालेल्या बार्ज, म्हणजे खनिज वाहणाऱ्या सपाट बोटी. पावसाळ्यात आग्वादजवळ वाळूचा दांडा चढतो, नदीचं तोंड बंद होतं, मग त्याच बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरायच्या. माझे बाबा अशाच एका बार्जवर इंजिन सांभाळत. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मधे काही काळ चालल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. त्या काळात काठाला बांधून ठेवलेल्या बार्ज मी जाता-येता बघायचे. हे यंत्र त्यांच्यातलंच एक वाटलं पाहिजे, एवढं मनाशी पक्कं होतं.

जोडणीबद्दल थोडक्यात. वाकलेला तुकडा गरम पाण्यात धरला की मऊ पडतो. हाताने सरळ करून लगेच गार पाण्यात टाकायचा. वजन पेलणाऱ्या प्रत्येक सांध्यात पितळेची तार घालायचीच. रेझिन जड असतं, नुसत्या चिकटवण्यावर घोटा टिकत नाही. हवेच्या बुडबुड्यांची लहान छिद्रं फेविक्विक आणि खायच्या सोड्याने बुजतात, मोठ्या खड्ड्यांना एम-सील. फेविक्विक हवेतल्या ओलाव्याने धरतं, त्यामुळे आमच्याकडे जुलैत तुकडा नीट टेकवायच्या आधीच ते पकडतं. थेंब टाकण्यापूर्वी जागा दोनदा बसवून बघावी. घासकाम मात्र कायम वॉटर पेपरने, पाण्यात बुडवून आणि तोंडाला चांगला मास्क लावून. रेझिनची कोरडी धूळ फुप्फुसांत जाऊ देऊ नका, इथे हयगय नको.

ग्रॅबवर मी सगळ्यात जास्त रमले. पाकळ्या प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून कापल्या, दात वेगळे चिकटवले, बिजागरीला पितळेची नळी. हायड्रॉलिकचे दट्टे इंजेक्शनच्या सुयांचे केले. टोक कापून टाकलेली जाड सुई म्हणजे सिलिंडर, तिच्या आत सरकणारी बारीक सुई म्हणजे रॉड. ग्रॅब उघडला की रॉड खरोखर आत-बाहेर होतो. त्यावर मी रंगाचा ठिपकाही पडू दिला नाही. खऱ्या यंत्रात हा रॉड क्रोमचा असतो आणि प्रत्येक फेऱ्यात सील त्याला पुसून काढतं. बाकी यंत्र चिखलात लडबडलेलं असलं तरी रॉड लखलखतो. तो मळका रंगवला तर यंत्र कित्येक महिने बंद आहे असा अर्थ होतो.

रंगाचा मोठा शत्रू म्हणजे आमचा पावसाळा. लॅकरमधला थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंगावर पांढरट साय येते. कॉम्प्रेसरच्या वॉटर ट्रॅपमध्येही बघता बघता पाणी साठतं. सावकाश उडणारा रिटार्डर थिनर मिसळला की फरक पडतो, पण खरा उपाय मला वाड्यावरच्या गणपतीच्या चित्रशाळेत मिळाला. तिथले काका ऐन श्रावणात मूर्तींवर स्प्रे गन चालवतात. मी विचारलं तर म्हणाले, “अगो बाय, पाऊस धरून असला की मी गनला हात लावीत नाही. उघाड पडली की दुपारचं मारायचं, आणि पातळ मारायचं. एका हातात अंग झाकायला जाऊ नको.” त्यांनी मला मूर्तीचा खांदा दाखवला: एकावर एक तीन पातळ हात, खालची माती अजून श्वास घेतेय असं वाटावं इतके पातळ. तेव्हापासून मी उघाडीची वाट बघते.

थर मात्र बार्जचेच लावले. खऱ्या लोखंडावर आधी रेड ऑक्साइड आणि त्यावर वरचा रंग असतो. मी लॅकरमध्ये रेड ऑक्साइड मारला, तो पक्का वाळल्यावर हेअरस्प्रेचे दोन हलके हात, त्यावर पाण्यातला अॅक्रिलिक पिवळा. पिवळा जेमतेम सुकला की कोमट पाणी लावून आखूड केसांच्या ब्रशने घासायचं. खालचा हेअरस्प्रे विरघळतो आणि पिवळ्याचे कपचे निघून तांबडा दिसतो. अगदी खोल टवक्यातच काळपट लोखंड दाखवायचं, तेही स्पंजच्या तुकड्याने टिपून.

टवके कुठे काढायचे हे बाबांनी ठरवलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी यंत्र खिडकीशी नेलं आणि बोटाने एकेक जागा दाखवली. “शिडीच्या पायऱ्या मधोमध झिजतात गो, कडेला नाही. पाय मधेच पडतो. दोर जिथून ओढतात तिथे रंग कधी टिकतच नाही. आणि गंज पाण्याच्या वाटेने उतरतो. भोक दिसलं की त्याच्या खाली ओघळ.” मी छातीच्या पत्र्यावर आडवे गंजाचे फराटे ओढले होते, शोभेला. त्यांनी विचारलं, “इथे पाणी कुठून आलं?” ते फराटे मी पुसले. ओघळ ऑइल कलरने काढले: बर्न्ट अंबरचा ठिपका, मग टर्पेंटाइनमध्ये भिजवून टिपलेला ब्रश वरून खाली एकदाच. ताजा गंज नारिंगी, जुना जवळजवळ काळा, आणि दोन्ही एकाच ओघळात असतात.

शेवटी माती. दुकानातलं पिगमेंट आणलं नाही. घरामागच्या दरडीची तांबडी माती उन्हात वाळवली, खलात कुटली, मलमलच्या कापडातून गाळली. गंज कडेपासून आणि भोकांपासून सुरू होतो, धूळ वरून पडते, म्हणून ती खांद्यांवर, पावलांवर, झाकणाच्या खाचेत बसते. कोरडी पूड ब्रशने ठेवायची आणि शेजारी टर्पेंटाइनचा थेंब टेकवायचा. तो आपणच आत शिरतो आणि वाळल्यावर पूड बसून राहते. ग्रॅबच्या आतल्या बाजूला माती नको, तिथे खनिजाचा काळपट जांभळा रंग हवा, आणि दातांच्या टोकांवर पेन्सिलच्या शिशाची चकाकी.

बार्जला नाव असतंच, म्हणून हिलाही दिलं: ‘नवदुर्गा’. पांढऱ्या रंगात, देवनागरीत, डाव्या खांद्यावर.

आता पायथ्याला जेटीचा तुकडा करायचा आहे: काँक्रीटची कड, दोर बांधायचा खुंटा, बार्जचा धक्का झेलायला फेंडर म्हणून लावलेले ट्रकचे टायर. सारमानस किंवा आमोण्याच्या जेटीचे खाणी जोरात असतानाचे फोटो कुणाच्या घरी असतील तर मला हवे आहेत. विशेषतः ओहोटीच्या वेळचे, कारण खांबांवर शिंपले कुठपर्यंत चढतात ते बाबांनाही नक्की सांगता येईना.