पंचवीस दशम्या आणि एक अडकित्ता

आमचं इमॅजिकाला, म्हणजे खोपोलीजवळच्या त्या मोठ्या थीम पार्कला, जायचं ठरलं ते महडच्या गणपतीमुळे. लेक तीन वर्षं मागे लागली होती, पण घोडं अडायचं ते दर वेळी एकाच ठिकाणी: आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, काय करायचं? वय एकाहत्तर, गुडघे कुरकुरणारे. चाळीसगावला घरी एकटं ठेवायचं नाही आणि बरोबर चला म्हटलं तर त्यांचं अहिराणीतलं उत्तर ठरलेलं. "माले काय करनं शे तठे? मना काय आते पाळनामा बठाना दिन शेतस का?"

शेवटी ह्यांनी मोबाईलवर नकाशा उघडला. इमॅजिका खोपोली–पाली रस्त्यावर आहे. खोपोलीजवळ महडचा वरदविनायक, आणि तोच रस्ता पुढे पालीच्या बल्लाळेश्वराकडे जातो. अष्टविनायकांतले दोन एका फेरीत. आई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता विचारलं, "दशम्या कितल्या करना पडतीन?"

खरं सांगायचं तर लेकीपेक्षा मलाच जास्त जायचं होतं. आमच्या लहानपणी शाळेची सहल म्हणजे पाटणादेवी, फार तर अजिंठा-वेरूळ. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, ते आम्ही फक्त टीव्हीवरच्या जाहिरातीत पाहिलं. इमॅजिका २०१३ चं. तोवर मी स्वतः पोरांच्या सहली नेणारी बाई झाले होते.

पहिला बेत ह्यांचा. रात्रीची गाडी धरायची, सकाळी उतरून थेट पार्क गाठायचं, रात्रीच्या गाडीनं परत. एक सुट्टी वाचते, लॉजचे पैसे वाचतात. कागदावर झकास. पण रात्रभर डब्यात अर्धवट झोपलेलं, आमच्या गोलूएवढं सहा वर्षांचं पोर दुपारी तीन वाजता काय करतं, हे मला पक्कं माहीत आहे. मी तो बेत तिथेच मोडला. आदल्या दिवशी सकाळी निघायचं, कल्याणला उतरून कर्जत, कर्जतहून खोपोली, रात्री लॉजवर झोपायचं. मधला दिवस पूर्ण पार्कचा. तिसऱ्या दिवशी महड-पाली करून परत. तीन दिवसांची रजा गेली, पण पूर्ण प्रवासात हा एक निर्णय सगळ्यांत चांगला ठरला.

दुसरं काम दाराच्या चौकटीपाशी झालं. मोठ्या राइड्सना उंचीची अट असते, आणि ती पार्कच्या साइटवर प्रत्येक राइडपुढे लिहिलेली असते. शिवणाची टेप घेतली, दोन्ही पोरांना भिंतीला पाठ लावून उभं केलं, डोक्यावर वही आडवी धरून पेन्सिलीची रेघ मारली. लेक १४३ सेंटीमीटर. गोलू ११२, तेही टाचा उचलून. "टाचा खाली," म्हटल्यावर ११०. मग वहीत तीन रकाने केले: सगळ्यांच्या राइड, फक्त ताईच्या राइड, आजीच्या राइड. तिसरा रकाना बराच वेळ रिकामाच होता. मधला रकाना बघून गोलूनं जे भोकाड पसरलं ते शेजारच्या काकू विचारायला आल्या तेव्हा थांबलं. मी मात्र खूश होते. हेच रडणं तिथे तासभर रांगेत उभं राहून, ऐन दारात, पट्टीला डोकं टेकत नाही म्हणून झालं असतं. रडायचं ते घरी रडून झालं.

तिकिटं ऑनलाइन काढली. रांग टाळायचं एक्स्प्रेस तिकीटही मिळतं, त्यावर घरात दोन दिवस चर्चा. पण आमच्यातले दोघं मोठ्या राइडवर बसणारच नव्हते, मग पाच जणांना जादा पैसे कशासाठी? दोघंतिघं कॉलेजची पोरं एका दिवसात सगळं उरकायला निघाली असतील तर जरूर घ्यावं. आम्हाला सगळं उरकायचं नव्हतंच.

आणि वार. शनिवार-रविवार नको, नाताळची सुट्टी नको, म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला मंगळवार निवडला. मंगळवारी कोण येतंय, असा माझा हिशेब. मंगळवारी सकाळी रिक्षा पार्कच्या आवारात शिरली आणि समोर ओळीनं लाल-पिवळ्या बसेस. मोजल्या तेवढ्या चौदा. शाळांच्या सहली! डिसेंबर म्हणजे सहलींचा महिना, हे अकरा वर्षं सहली नेणाऱ्या बाईला सुचू नये? हे माझ्याकडे बघून काहीच बोलले नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं, मग मला भांडता तरी आलं असतं.

गेट उघडायला अजून अर्धा-पाऊण तास होता. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही हे माहीत होतं, म्हणून न्याहारी बाहेरच उरकायची ठरलेली. कट्ट्यावर बसून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि केळी सोडली. दुधात कणीक भिजवलेल्या आईंच्या दशम्या तिसऱ्या दिवशीही मऊ राहतात. पोरांनी नाक मुरडलं, त्यांना आत जाऊन पिझ्झा हवा होता. दोन-दोन घास कोंबले. उरलेल्या दशम्या कापडात बांधून सामानाच्या खोलीत ठेवायच्या पिशवीत टाकल्या. स्वेटरही त्यातच गेले. चाळीसगावच्या थंडीच्या हिशेबानं आणलेले स्वेटर कोकणाच्या तोंडाशी सकाळी दहालाच अंगाला चिकटायला लागले होते.

तपासणीला आईंचा बटवा उघडला. आतून निघाला पितळी अडकित्ता. त्या सिक्युरिटीच्या पोरानं तो उचलला, उघडला, मिटला, पुन्हा उघडला. त्याच्या यादीत चाकू होता, कात्री होती, अडकित्ता नव्हता. "आजी, हे काय असतं?" आईंना वाटलं पोरगं चेष्टा करतंय. शेवटी तो अडकित्ता आमच्या सामानात ठेवायला लावला आणि सुपारी तेवढी आत गेली. दिवसभर अख्खी सुपारी तोंडात घोळवत त्या फिरल्या आणि दर तासाला मला त्याची आठवण करून दिली.

चौदा बसेस म्हणजे सहा-सातशे पोरं. पण सहलीची पोरं कशी चालतात, हे मला पाठ आहे. ती एका गठ्ठ्यानं हलतात. सर जिकडे बोट दाखवतील तिकडे सगळी, आणि सर बोट दाखवतात ते आत शिरल्यावर पहिल्यांदा दिसेल त्याकडे. आम्ही पुढचं सगळं सोडून सरळ आतल्या टोकाला गेलो. हे आणि लेक नायट्रोवर, म्हणजे तिथल्या मोठ्या रोलर कोस्टरवर, बसले, मी खाली. मग मी आणि लेक, हे खाली. दुसऱ्यांदाही दहा-पंधरा मिनिटांत नंबर लागला. नायट्रोच्या बैठकीला पायाखाली फळी नाही, पाय नुसते लोंबकळतात, म्हणून चपला काढायला लावतात. चढताना मी लेकीचा हात धरला होता. उतरले तेव्हा कळलं, हात तिनं नाही, मीच सोडला नव्हता.

तोवर आई आणि गोलू एका झाडाखालच्या बाकावर. हे बाक शोधणं आईंचंच. आत आल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं, "चुकामूक व्हयनी ते कोठे भेटनं?" त्यांचं माहेर शहाद्याकडचं. तापीकाठची सारंगखेड्याची दत्ताची यात्रा, तिथला घोडेबाजार, हे त्यांच्या लहानपणी वर्षातलं सगळ्यांत मोठं ठिकाण. तिथे त्यांच्या वडिलांचा नियम असायचा. "चुकनात ते दत्तनी पायरीवर बठी ऱ्हावानं, हालानं नही." मी पार्कचा नकाशा दाखवायला लागले तर त्यांनी तो बाजूला सारला, इकडेतिकडे पाहिलं आणि घोड्यांच्या गोल फिरणाऱ्या पाळण्यासमोरचं बाक निवडलं. सावली आहे, पाण्याची सोय जवळ, संडास समोर, आणि पाळण्याचं संगीत लांबूनही ऐकू येतं. मी आठवडाभर व्हिडिओ बघून वहीत जे लिहिलं होतं त्यात हे बाक नव्हतं. गोलूच्या दंडावर बॉलपेननं माझा नंबर लिहिला तो मात्र माझा उपाय.

त्या बाकानं दिवसाला वळण लावलं. एक राइड करायची, बाकावर यायचं, पाणी प्यायचं, मग पुढची. आई कुठेही फरपटल्या नाहीत. व्हीलचेअर घेऊ या का, असं मी एकदा विचारलं, त्यावर मिळालेली नजर इथे लिहिता येणार नाही.

जेवणाची गंमत वेगळी. बरोबर एक वाजता सगळ्या सरांनी शिट्ट्या मारल्या आणि ती सातशे पोरं जेवायच्या बाजूला वळली. आमचं पोट दशम्यांनी भरलेलं. त्या तासात मोठ्या राइड्सपुढे जवळजवळ रांगच नव्हती. आम्ही जेवलो अडीचला, तेव्हा टेबलं रिकामी होती, पुसलेली होती. पिझ्झा आला, गोलूनं वरचं चीज खाल्लं.

पाण्यातून बोट जाते ती राजासोरस डायनासोरची राइड दुपारी केली, कारण भिजायचं तर उन्हात. कपड्यांचा एक जोड जवळ ठेवलेला होता, म्हणून चिडचिड झाली नाही. शेजारी एक कुटुंब जीन्स पिळत उभं होतं, त्यांच्याकडे बघवत नव्हतं. गोलूला त्यात बसता येणार नव्हतं, तर त्याला गोष्ट सांगितली: राजासोरस खरंच होता, त्याची हाडं गुजरातेत सापडली, २००३ मध्ये त्याचं नाव ठेवलं राजासोरस नर्मदेन्सिस, नर्मदेवरून. नर्मदा म्हणजे आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेची. "मग तो आपल्याकडचाच," गोलू म्हणाला, आणि नंतर रांगेतल्या दोन अनोळखी काकांना त्यानं हे ऐकवलंसुद्धा.

चारच्या सुमाराला गोलूचा धीर संपला. ताईच्या चार राइड झाल्या, माझ्या दोनच, वगैरे हिशेब सुरू झाले. समोरच्या घोड्यांच्या पाळण्यावर त्याला बसायचं होतं, पण एकट्याला नाही. हे लेकीबरोबर लांब गेलेले आणि माझं डोकं गरगरत होतं. मी आईंकडे पाहिलं. आई म्हणाल्या, "मी आठेच बठस." मग गोलूनं त्यांचा पदर धरला.

त्या उठल्या. पाळण्यापाशी गेल्या आणि बसायच्या आधी एका पांढऱ्या घोड्यासमोर उभ्या राहिल्या. त्याच्या मानेवरून हात फिरवला, आयाळीखाली थोपटलं, आणि वाकून त्याच्या रंगवलेल्या तोंडात पाहिलं. मागची माणसं थांबली. "दात दखा बिगर घोडा लेवो नही, मना बाप सांगे," त्या गोलूला म्हणाल्या. मग त्याला घोड्यावर बसवून त्या शेजारच्या बैठकीत बसल्या, पदर खोचून, दांडा दोन्ही हातांनी धरून. पाळणा फिरला. पहिल्या फेरीला त्यांचा चेहरा ताठ होता, दुसऱ्या फेरीला त्या घोड्याकडे बघत होत्या, तिसऱ्या फेरीला आमच्याकडे बघून त्यांनी हात हलवला. फोटो माझ्याकडे आहे, जरा हललेला आहे. खाली उतरल्यावर पुन्हा रांगेत त्याच उभ्या राहिल्या. रिकामा तिसरा रकाना असा भरला.

साडेचारनंतर बसेस निघायला लागल्या. लांबच्या शाळांना अंधार पडायच्या आत बरंच अंतर कापायचं असतं, हेही मला ठाऊक असायला हवं होतं. शेवटचे दोन तास पार्क अगदी मोकळं होतं. लेकीनं नायट्रो आणखी तीनदा केलं, दर वेळी नव्या जागी बसून. आई बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना बघत होत्या. "हाई ते यात्राच शे," त्या म्हणाल्या, "फक्त देव नही."

निघताना सामान घेतलं, अडकित्ता आईंच्या हातात आला. सकाळचाच पोरगा दारावर होता. आईंनी तिथेच उभ्या उभ्या सुपारी कातरून दाखवली, कट, कट, कट, बारीक भुकटीसारखी, आणि चिमूटभर त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती ड्यूटीवर खाल्ली की नाही, ते मी पाहिलं नाही.

लॉजवर पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. खाली हॉटेल होतं, पण कोणाच्यात जिना उतरायचं बळ नव्हतं. मी कापडाची गाठ सोडली. पंचवीसपैकी सात दशम्या उरल्या होत्या. सकाळी नाक मुरडणाऱ्या दोघांनी चटणी बोटानं पुसून खाल्ली आणि सातव्या दशमीवरून त्यांची जुंपली. ती आईंनी मधोमध मोडली, मोठा तुकडा गोलूला दिला. लेक काही म्हणणार होती, पण तेवढ्यात तिला झोप लागली.