गळ्यावरच्या वणाबद्दल

‘गोळ्या चालू होत्या, मग ऑपरेशनची घाई का केलीत?’ मंगळसूत्राच्या वरचा आडवा वण दिसला की सोलापुरात हे हमखास विचारले जाते. घाई हा शब्द मला झोंबतो. थायरॉईड ग्रंथीचा अतिरेक आवरणाऱ्या कार्बिमाझोलच्या गोळ्या मी 18 महिने घेतल्या, त्या थांबवल्यावर चारच महिन्यांत रक्तातले टीएसएच पुन्हा तळाला गेले, म्हणजे ग्रंथी पुन्हा बेफाम झाली. ग्रेव्हज आजारात, म्हणजे शरीराचीच प्रतिपिंडे थायरॉईडला जादा काम करायला लावतात त्या आजारात, औषध थांबवलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांचे असेच होते.

मुळात निदानच लांबले. मे महिन्यात घाम, धडधड आणि उतरलेले वजन सांगितले, तर आपल्याकडे कोणीही उन्हाकडेच बोट दाखवील. मीही तेच केले होते. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेत, सगळ्यांच्या अंगावर शाली असताना मी घामाने भिजले, तेव्हा कुठे रक्त तपासले गेले.

किरणोत्सारी आयोडीन घेऊन ग्रंथी निकामी करता आली असती. पण माझे डोळे बाहेर येऊ लागले होते आणि त्या उपचाराने डोळ्यांचा त्रास बळावू शकतो, म्हणून संपूर्ण ग्रंथी काढायचे ठरले. मी शिक्षिका असल्यामुळे संमतिपत्रावर सही करताना फक्त आवाजाचे विचारले. कॅल्शियमची ओळ वाचली आणि सोडून दिली.

दुसऱ्या रात्री ओठांभोवती मुंग्या आल्या. वाटले, भुलीचा अंमल असेल. मग घास उचलताना जुळतात तशी उजव्या हाताची पाचही बोटे जुळली आणि माझी मलाच ती उघडता येईनात. थायरॉईडच्या मागे चिकटलेल्या चार इवल्या पॅराथायरॉईड ग्रंथी रक्तातले कॅल्शियम सांभाळतात, आणि शस्त्रक्रियेत त्यांचा रक्तपुरवठा दुखावला गेला होता. सिस्टरने शिरेतून कॅल्शियम सावकाश सोडले. अंगभर ऊब पसरली, बोटे एकेक करून सुटली. तोवर बहीण तो हात दोन्ही हातांत धरून बसली होती, आणि मी मात्र विचारणाऱ्या सर्वांना मनातल्या मनात कबुली देत होते की तुमचेच खरे.

सकाळी ते मागे घेतले. पुढे मीच ‘रोग मुळापासून काढला’ असे सांगत फिरले, तेही खरे नव्हते. प्रतिपिंडे ग्रंथी तयार करत नाही, प्रतिकारशक्ती करते. ग्रंथी केवळ त्यांच्या तावडीत सापडली होती. आता पहाटे उपाशीपोटी काढलेल्या ग्रंथीची उणीव भरणारे थायरॉक्सिन, त्यानंतर चार तासांनी कॅल्शियम, आणि डोळ्यांची तपासणी अजून संपलेली नाही. एक गोळी सोडून दोन घेतल्या, असे कोणी म्हटले तर मी भांडते. घरी आल्यावर डबीतल्या गोळ्या मोजते.