ट्रॉली सोडलेला ट्रॅक्टर

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या कॅज्युअल्टीत रात्रीचे पेशंट ठरलेले असतात. कोयता लागलेला हात, ट्रॉलीवरून पडलेला मजूर, फडात चावलेला विंचू. त्या रात्री पावणेतीनला आलेला तिशीतला माणूस मात्र स्वतःच्या पायांनी चालत आला. एक हात छातीवर, कपाळावर घाम.

"मॅडम, आत डिझेल इंजिन लागल्यागत हुतंय बघा. दोन तास झालं, थांबायलाच तयार न्हाई."

बोटांखाली नाडी मोजता येईना, नुसती थरथर. मॉनिटर लावला तर १९२. बीपी मात्र ११०/७०, त्यामुळे शॉक द्यायची घाई नव्हती. ईसीजीत उंच, अरुंद, एकाला एक चिकटलेले ठोके, अगदी शिवणयंत्राच्या टाक्यांसारखे. एसव्हीटी, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून सुटणारी बेफाम धडधड. हृदयातली वीज वरून खाली उतरायच्या ऐवजी मधल्या नाक्यावरच, एव्ही नोडमध्ये, घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरत होती.

आधी बिनऔषधाचा उपाय केला. अर्धवट बसवून १० मिलीच्या रिकाम्या सिरिंजमध्ये फुंकायला लावलं. पंधरा सेकंद, दट्ट्या हलेल इतक्या जोराने. मग झटकन आडवा करून पाय वर धरले. दोनदा केलं. आकडा १८० वर आला आणि परत १९० वर चढला.

"सिस्टर, ॲडिनोसिन काढा." त्या नाक्यावरची वीज क्षणभर अडवणारं इंजेक्शन.

सिस्टरांनी ॲम्प्यूल आणलं ते गारठलेलं. कुणीतरी इन्सुलिनशेजारी फ्रीजमध्ये ठेवलं होतं. उजेडात धरलं तर तळाशी खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे कण. हे औषध पाण्यात मुळात जेमतेम विरघळतं, गारव्यात त्याचे स्फटिक होतात, म्हणूनच त्याला फ्रीज वर्ज्य. मी ते मुठीत धरून बसले. ते उबेपर्यंत इंटर्नची परीक्षा घ्यायची माझी खोड जागी झाली.

"हे न्यूक्लिओसाइड की न्यूक्लिओटाइड?"

पोरगा गडबडला. त्याचा दोष नाही, पहिल्या वर्षाला मीही या एका अक्षरावर मार्क घालवले आहेत. 'टाइड'मध्ये फॉस्फेट असतो की 'साइड'मध्ये, हे पेपर हातात पडला की नेमकं उलटं आठवायचं. खिडकीबाहेर याच पेशंटचा भाऊ डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर उभा करून आला होता. म्हटलं, तो बघ. ॲडेनिन हा बेस, त्याला रायबोज ही साखर जोडली की झाला मोकळा ट्रॅक्टर, ॲडिनोसिन. हा न्यूक्लिओसाइड. मागे फॉस्फेटची ट्रॉली लावली की न्यूक्लिओटाइड. एक ट्रॉली एएमपी, दोन एडीपी, तीन एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन.

"तीन ट्रॉल्या आरटीओ चालू देत न्हाई," पेशंट म्हणाला. १९० च्या ठोक्यांवर! पण पेशीत चालतात, सगळा कारभार त्या तिसऱ्या ट्रॉलीवरच चालतो. आणि हृदयाला प्राणवायू कमी पडला की ट्रॉल्या सुटत जातात, मोकळा ट्रॅक्टर पेशीबाहेर येतो आणि दोन निरोप देतो: रक्तवाहिन्यांना, रुंद व्हा, नाक्याला, दमानं घ्या. १९२९ साली केंब्रिजमध्ये ॲलन ड्रुरी आणि आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी हृदयाच्या स्नायूचा अर्क प्राण्यांना टोचला तेव्हा ठोके मंदावले, त्यामागे हीच ॲडेनिनची मंडळी निघाली. (हे सेंट-ग्यॉर्गी म्हणजे ‘क’ जीवनसत्त्ववाले.)

ॲम्प्यूल स्वच्छ दिसायला लागलं. ६ मिलिग्रॅम भरून सिरिंज इंटर्नकडे दिली आणि मी डीफिब्रिलेटरचे पॅड बघायला वळले. तिथेच चुकलं. त्याने पंजाच्या मागच्या बारीक सुईतून, अँटिबायोटिक सोडतात तसं सावकाश सोडलं. काहीच झालं नाही. मॉनिटरवर १८८.

व्हायचंच नव्हतं काही. रक्तात या औषधाचं अर्धं आयुष्य, म्हणजे निम्मं औषध संपायला लागणारा वेळ, दहा सेकंदांहूनही कमी. तांबड्या पेशी त्याला आत ओढून घेतात. तिथे एक एन्झाइम त्याचं इनोसिन करतं, दुसरं त्याला परत फॉस्फेटची ट्रॉली लावून एएमपी करतं. इनोसिन पुढे मोडत मोडत युरिक ॲसिडपर्यंत जातं, म्हणजे गाऊटवाल्यांच्या अंगठ्यात बसणारं तेच. पंजापासून हृदयापर्यंत रमतगमत गेलेलं औषध वाटेतच संपलं होतं.

पोराचा चेहरा उतरला. मी त्याला काही बोलले नाही. सांगायचं माझं काम होतं.

कोपराच्या मोठ्या शिरेत जाड व्हेनफ्लॉन (शिरेत ठेवायची नळी) घातलं, त्याला थ्री-वे, म्हणजे तीन तोंडांची तोटी, जोडला. एका तोंडाला औषध, दुसऱ्याला २० मिली सलाईन. तेवढ्यात सिस्टरांनी विचारलं, "दादा, चहा किती घेतलाय?"

हा प्रश्न मला सुचायला हवा होता.

"मोजला न्हाई. दोन रात्री काट्यावर लायनीत हाय. झोप आली की कप."

दिवसभर मेंदूत ॲडिनोसिन साठत जातं, ते पेशींवरच्या त्याच्या कुलपांत बसलं की डोळे जड होतात. चहातलं कॅफीन दिसायला याच कुळातलं. ते कुलपात घुसून बसतं पण किल्ली फिरवत नाही, म्हणून माणूस जागा राहतो. तसलीच कुलपं हृदयाच्या नाक्यावर आहेत. गडी दोन रात्री ॲडिनोसिनला दाराबाहेर ठेवत होता आणि आम्ही तेच शिरेतून पाठवत होतो. पहिला डोस इंटर्नच्या हाताने वाया गेला की चहाने, हे आता कोण सांगणार? दोन्ही असतील. दुसरा डोस तसाही १२ चाच.

"आता पाच-सहा सेकंद लई वंगाळ वाटेल. छाती दाबल्यागत होईल, मेलो असं वाटेल. मरणार नाही. माझ्याकडे बघा."

ईसीजीची पट्टी चालू ठेवली. झटक्यात औषध, पाठोपाठ झटक्यात सलाईन, हात वर. सिस्टर पुटपुटत आकडे मोजत होत्या. चार. पाच. त्याचा चेहरा लालबुंद झाला, डोळे विस्फारले, "आई गं" एवढंच आलं. पट्टीवर रेघ सपाट झाली. अशा रेघा मी बऱ्याच पाहिल्यात, तरी दर वेळी माझेही दोन ठोके चुकतात. इंटर्नने नकळत माझी बाही धरली होती.

मग एक ठोका. एक मोठा खंड. दुसरा. आणि त्यानंतर छोटी पी, म्हणजे वरच्या कप्प्यांची लाट, मग उंच ठोका, परत पी. शहाण्यासारखी ओळ लागली. ८८.

"थांबलं," तो म्हणाला. जरा वेळाने, "मगाशी गेलोच हुतो न्हवं?"

"नाही. तुमच्या नाक्यावरची लाइन पाच सेकंद बंद केली, बस."

पट्टी कापून इंटर्नने केस पेपरला चिकटवली. त्या सपाट तुकड्याखाली त्याने पेनाने वेळ लिहिली, ३:२४. सिस्टरांनी उरलेली ॲम्प्यूल्स फ्रीजमधून काढली आणि डब्यावर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'फ्रीजमध्ये ठेवू नये'.

पेशंटचा भाऊ दारातून डोकावला. लाइन पुढे सरकली होती, ट्रॅक्टर न्यायला हवा होता. "किती नंबर ऱ्हायलं रं?" आमच्या गड्याने विचारलं, आणि भाऊ उत्तर देईपर्यंत तो घोरायला लागला होता.