आमची वाटचाल : काका गप्प का बसले?

छापखाना सुरू केला तेव्हा आम्ही तिघं होतो, तिघंही एकाच वयाचे. भांडण झालं की तिथल्या तिथे आवाज चढायचे आणि पुढची प्लेट चढेपर्यंत विषय संपलेला असायचा. आज आम्ही 11 जण आहोत. सर्वांत धाकटा 22 वर्षांचा, तर मशीनमन काका साठीला टेकलेले. नवं मशीन घेणं, कामं मिळवणं हे सगळं जमलं. जड गेलं ते या दोन वयांमधलं वाजणं ओळखणं.

एका चाररंगी कॅटलॉगचं रजिस्टर हललं, म्हणजे चार रंग एकमेकांवर नेमके बसेनात. अक्षरांना लाल कड दिसू लागली. डिझायनर मुलगा शीट घेऊन आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, फाइल बरोबर आहे. चूक मशीनवर झालीय." काका काही बोलले नाहीत. फडकं घेऊन आधीच स्वच्छ असलेलं ब्लँकेट (मशीनमधलं रबरी आवरण) पुसत राहिले. मला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. त्या दिवसापासून काकांनी त्याच्या फाइलमधल्या चुका दाखवणंच बंद केलं. पुढे एका पुस्तिकेची घडी मजकुरावर आली, सगळी छपाई वाया गेली, तेव्हा कळलं. "दिसलं होतं मला. पण म्हटलं, बोलून कशाला वाईट व्हायचं," ते म्हणाले. हे वाक्य मला अजून टोचतं, कारण त्यांचं गप्प बसणं मी होकार समजलो होतो.

त्यानंतर मी थोडं वाचलं. थॉमस आणि किलमन या अमेरिकी अभ्यासकांनी 1974 मध्ये वाद हाताळण्याच्या पाच तऱ्हा मांडल्या : रेटून धरणं, मिळून तोडगा काढणं, दोघांनी थोडं सोडणं, टाळणं आणि नमतं घेणं. काकांची तऱ्हा टाळण्याची. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन म्हणतात की, पुढचा काळ थोडा उरलाय असं वाटू लागलं की माणूस जिव्हाळ्याची नाती जपतो. काकांना शेवटची काही वर्षं कडू करायची नव्हती. उलट त्या मुलाला मनात ठेवणं जमत नाही, रात्री 11 वाजता त्याचा लांबलचक मेसेज येतो. त्यात उद्धटपणा नसतो, कामाची कळकळ असते. अर्थात वय म्हणजे साचा नव्हे. बाइंडिंगच्या मावशी पंचावन्नच्या आहेत आणि तोंडावर बोलतात.

आता वादाची शीट टेबलावर ठेवतो आणि बोलणं दुसऱ्या दिवशी सकाळी, मशीन सुरू होण्याआधी. काकांना एक रात्र मिळते, मुलाला नक्की वेळ कळते. त्याआधी मी काकांशी एकट्याने बोलतो. चारचौघांत ते तोंड उघडत नाहीत.

त्या कॅटलॉगची शीटही पुन्हा काढून पाहिली. चूक दोघांचीही नव्हती. कागदाची रीम (गठ्ठा) दमट हवेत उघडी राहिली होती, कागद ओल पिऊन आडवा ताणला गेला होता. मी हे त्याच दिवशी तपासायला हवं होतं.

परवा पुन्हा रजिस्टर सरकलं. काकांनी मुलाला स्वतःहून हाक मारली आणि भिंग त्याच्या हातात दिलं. "बघ रे, खुणेपासून किती गेलंय?"